भंडाऱ्याची हद्द

ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर मेसेज पडला. बावड्याच्या गावठाणातल्या घरांची मोजणी हाय, प्रत्येकानं घराभोवती चुन्यानं हद्द आखून ठेवावी, ड्रोन वरनं फोटो काढणार, त्यावरनं नकाशा होणार आणि मालकाच्या नावाचं सरकारी कार्ड निघणार. मेसेज वाचून सगळ्यात जास्त आनंद राजवर्धनला झाला. त्याचं बावड्यात घरच नव्हतं.

राजवर्धनचं ऑफिस बारामतीत, धंदा प्लॉटचा. जीपच्या टपावरसुद्धा त्यानं हातभर अक्षरात नाव आणि मोबाईल नंबर रंगवून घेतला होता. गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बायकांनापण जाहिरात दिसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ह्या माणसाकडं एक स्टॅम्पपेपर होता. बावड्यातल्या सरुबाईच्या नवऱ्यानं, म्हणजे तात्याबांनी, मरायच्या आधी घर त्याला विकून ताबासुद्धा दिला, असं त्यावर लिहिलेलं. खाली तात्याबांची झोकदार सही. हयातभर अंगठा लावणारा आपला नवरा वर गेल्यावर सही शिकला, ह्याचं सरुबाईला मोठं नवल वाटलं. पण सांगणार कुणाला? तिच्याकडं कागद म्हणजे सासऱ्याच्या नावाचं लाइटबिल. कार्डावर राजवर्धनचं नाव चढलं, तर सत्तराव्या वर्षी तिला घराबाहेर व्हावं लागणार होतं.

ती चुना आणायला गेली, तर गावातला सगळा चुना राजवर्धननं आदल्या दिवशीच उचललेला. शेजारच्या कुशाबाईनं ज्वारीचं पीठ दिलं. सरुबाईनं वाकून वाकून निम्मी हद्द आखली, कंबर धरून मागं बघितलं, तर कोंबड्या हद्द खात खात तिच्यामागनं येत होत्या.

मग तिला बिरोबाच्या जत्रेसाठी आणलेला भंडारा आठवला. चांगलं अर्धं पोतं होता. तिनं देवाला सांगितलं, की तुझाच भंडारा तुझ्याच लेकराच्या दाराला लावते, जत्रेला दुसरा आणीन. मोजणीच्या दिवशी सकाळी घराभोवती हळदीची पिवळीधमक रेघ उमटली. कोंबड्यांनी एकदा चोच लावली आणि नाद सोडला. फोटो निघणार म्हणून सरुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून कुशाबाईला घेऊन उंबऱ्यावर बसली.

तेवढ्यात राजवर्धनची जीप आली. बरोबर पणदऱ्याचे दोन गडी, चुन्याची पोती आणि खराटा. पिवळी रेघ झाडा आणि आपली पांढरी मारा, असा हुकूम सुटला. गडी खाली उतरले, रेघ बघितली, चपला काढल्या आणि चिमूट चिमूट भंडारा कपाळाला लावून हात जोडून उभे राहिले.

राजवर्धन म्हणाला, "अरं झाडा की."

"भंडारा हाय, शेठ. त्याला खराटा लावायचा नसतो."

त्यानं डबल हजेरी देतो म्हणून सांगितलं. गड्यांनी परत एकदा भंडारा लावला. शेवटी शेठनं स्वतःच खराटा घेतला. वारं उलटं होतं. दहा पावलं झाडली नाहीत तोच कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातला शेठ हळदीच्या नवरदेवासारखा पिवळा झाला, आणि शिंका तर मोजायच्या पलीकडं. त्या शिंकांमध्ये डोक्यावरची घरघर त्याला ऐकूच आली नाही. ड्रोन आला, फोटो काढून गेला; शेठला वाटलं, आज आलाच नाही.

राजवर्धननं घरावर हरकत घेतली आणि महिना-दीड महिन्यानं इंदापूरच्या मोजणी ऑफिसात सुनावणी लागली. एका बाजूला सरुबाई, दुसऱ्या बाजूला तो, आणि अधिकारी रोहिणीमॅडम समोर बसलेल्या. राजवर्धननं स्टॅम्पपेपर ठेवला आणि छातीठोक सांगितलं, की घर दोन वर्षं आपल्या ताब्यात आहे, तिथं कुलूप असतं, म्हातारी तिथं राहतच नाही आणि तिनं हद्दबिद्द काही आखलेली नाही.

मॅडमनी कॉम्प्युटर त्याच्याकडं फिरवला. दार उघडं, उंबऱ्यावर दोन बाया, घराभोवती पिवळी रेघ. जिथं रेघ तुटते तिथं खराटा घेऊन वाकलेला एक पिवळा माणूस. शेजारी जीप आणि टपावर नाव, मोबाईल नंबरसकट.

मॅडमनी फोन काढून तो नंबर लावला. राजवर्धनचा खिसा वाजायला लागला.

"घर तुमचंच आहे, तर ह्यांची हद्द कशाला झाडत होता?"

राजवर्धननं खिशातला फोन बंद केला. "स्वच्छता," तो म्हणाला.

मॅडमनी तो शब्द जसाच्या तसा जबाबात लिहून घेतला. मग सरुबाईनं अंगठेबहाद्दर तात्याबांच्या सहीचा विषय काढला आणि राजवर्धनला बारामतीत अर्जंट काम आठवलं. स्टॅम्पपेपर परत मागितला, तर मॅडम म्हणाल्या, तो आता हितंच राहील, पोलिसांना बघायचाय. कुशाबाईनं आणि आजूबाजूच्यांनी सह्या दिल्या, वारसाची चौकशी झाली, आणि कार्ड निघालं ते सरुबाईच्या नावानं.

कार्ड घ्यायला ती कुशाबाईला घेऊन गेली. नावाची ओळ तीनदा वाचून घेतली, कनवटीचा भंडारा कार्डाला लावला, थोडा मॅडमच्या कपाळालापण. मग म्हणाली, तो फोटो परत एकदा दावा. मॅडमनी दाखवला. सरुबाईनं चष्मा सारखा करून तो बघितला.

"अंगण निम्मंच झाडलंय की, बाई," ती म्हणाली. "नंबर हाय न्हवं तुमच्याकडं? त्याला म्हणावं, राहिलेलं झाडून जा."