कापलेलं टोक

प्रयोगशाळेत तिनं शिरेत घालायच्या नळीचं टोक हातमोज्यातल्या बोटांत धरून चोळलं. फुलदाणीच्या शिळ्या पाण्यातल्या देठासारखं बुळबुळीत लागलं.

"सर, पुन्हा जंतूंचा थर धरलाय. लेप दिलेल्या नळीवरच."

सरांनी मान वर केली नाही. इस्पितळातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते टेबलावर काचेसारख्या स्वच्छ नळ्या मांडत होते. जंतूंना नळीवर पाय रोवू न देणाऱ्या अँटिबॉडींचा लेप होता त्यांच्यावर. पाहुण्यांनी आज मान डोलावली, की याच नळ्या नवजात बाळांच्या वॉर्डात जाणार होत्या.

"ती तूच कापलीस ना? लेप दिल्यावर कापली तर कापल्या जागी लेप कुठून असणार? चूक तुझी आणि खापर लेपावर! टाक ती डब्यात."

"वॉर्डातही कापतातच की, सर."

"काय?"

"बाळाच्या मापाची करायला. सिस्टर कात्रीनं टोक कापतात नि तेच टोक शिरेत सरकवतात. माझ्यासमोर कापलं होतं."

तिचा लेक दिवस भरण्याआधीच आला होता, ओंजळीत मावेल एवढा. त्याच्या मनगटातल्या नळीत थर धरला, ताप चढला, नळी काढली, मग दुसऱ्या हाताची शीर शोधली. आता घरी तो पाय नाचवत खिदळायचा. पण त्या मनगटाला कुणी हात लावला, की अजून अंग चोरायचा.

सर हसले. "अगं, पण वाचला ना तुझा? मग झालं तर! आईपण जरा घरी ठेवून येत जा. आज मिठाचा खडा टाकू नकोस म्हणजे मिळवली."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळी तिनं डब्यात टाकली नाही. बशीत ठेवून वर झाकण घातलं.

पाहुणे आले. सरांनी चिमट्यानं सगळ्यांत स्वच्छ नळी उचलली.

"आठवडाभर जंतूंच्या पाण्यात होती. आहे का कुठे डाग?"

"वा!" कुणीतरी म्हणालं.

बाळाच्या दुधाची वेळ टळून गेली होती. छाती ठणकत होती, कुर्ता ओला होत होता. एरवी तिनं घाईघाईनं कोटाची बटणं लावली असती. आज हात तिकडे गेलाच नाही.

"द्या सर," म्हणत तिनं नळी घेतली, ट्रेमधली कात्री उचलली आणि टोक कचकन कापलं.

"अगं, हे काय!"

"बाळाच्या मापाची केली." आवाज चढू नये म्हणून ती एकेक शब्द सावकाश बोलली. टेबलावरच्या भांड्यातल्या जंतूंच्या गढूळ पाण्यात तिनं नळी सोडली. "वॉर्डात अशीच वापरतात. टोकाला थर धरतो का, परवा बघू."

सरांचं हसू ओठांवर तसंच राहून गेलं होतं. "म्हणजे, त्याची तशी काही गरज..."

पाहुण्यांतल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी पर्समधून चष्मा काढला. वाकून त्या कापलेल्या टोकाकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर हिच्या ओल्या कुर्त्यावर गेली, तिथून चेहऱ्यावर.

"परवा किती वाजता येऊ, बाळा?" त्यांनी तिलाच विचारलं.