इकुताच्या पानाची पाठ

पिनामेनने तिसरं पोतं मेजावर ओतलं, पानांत हात घातला आणि तिचा हात तिथेच थांबला.

इकुता हे दलदलीतलं झुडूप. त्याचं पान म्हटलं की कड आत वळलेली आणि पाठीवर विटकरी रंगाची दाट लव. चुरगाळलं की राळेचा आणि लिंबाचा मिळून एक वास नाकात भिनतो. पिनामेनच्या मसाल्याचा जीव त्या वासात होता. बाकीची मंडळी म्हणजे ऑल्डर झाडाच्या कणसांची रानमिरी, जुनिपरच्या झुडपाची फळं आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे वाळवलेले कोवळे शेंडे. हा मसाला रानबदकाला चोळून आगीवर धरला की शेजारची दारं आपोआप उघडायची.

पण आता बोटांना लागलेली काही पानं पाठीला गुळगुळीत होती. तिने एक चुरगाळून नाकाशी धरलं. वास नाही. दलदलीत इकुताला खेटूनच गुलाबी फुलांचं एक झुडूप उगवतं, त्याची ही पानं. पोटात गेली की ओकाऱ्या सुरू होतात, छातीचे ठोके मंदावतात.

पोतं शानूतचं होतं. पिनामेनची ही थोरली बहीण अडुसष्ट वर्षांची. गावात कुणालाही रानातल्या पाल्याची शंका आली, की तो शानूतचं दार ठोठावायचा. पिनामेनलाही पान ओळखायला तिनेच शिकवलं होतं. म्हणून तर शानूतचं आणखी एक पोतं पिनामेनने काल न बघता दळलं होतं, पिंपातल्या सगळ्या मसाल्यात मिसळलं होतं. मॉन्ट्रियलच्या मिरेयच्या नव्या खानावळीसाठी दोनशे डबे परवाच्या ट्रकने निघायचे होते.

तिने एक लवेचं आणि एक गुळगुळीत अशी दोन पानं खिशात टाकली आणि शानूतचं घर गाठलं.

शानूत चुलीपाशी भाकरीचं पीठ मळत होती.

"निमिश, हात पूस," पिनामेन म्हणाली. त्यांच्या भाषेत निमिश म्हणजे थोरली बहीण. "ही काय आहेत सांग."

शानूतने पानं डोळ्यांजवळ नेली. "इकुता. दोन्ही. एवढं विचारायला धावत आलीस?"

"अंगठा फिरव."

शानूतने अंगठा फिरवला. पहिल्या पानावरून लगेच पुढे सरकली, दुसऱ्यावर थबकली.

"सांधे सुजले होते," ती म्हणाली. "हातमोजे घालून तोडली मी."

"आणि डोळे?"

"डोळ्यांना काय झालंय?"

"रविवारी चर्चमध्ये तू पाद्रीबाबा समजून कोटाच्या खुंटीला नमस्कार केलास."

"खुंटी कमी बोलते त्याच्यापेक्षा," शानूत म्हणाली. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "किती गेलं?"

"कालचं अख्खं पिंप."

"तू तपासलं नाहीस?"

"तुझं पोतं होतं."

"मग दोनदा तपासायचं होतंस!" शानूत उसळली. "वय कुणाचं वाढलंय, माझं की पोत्याचं? लोकांच्या पोटात जायचंय ते. मान कसला ठेवतेस माझा?"

थोरली बरोबर बोलत होती.

दुपारी दोघींनी घरामागे कंबरभर खड्डा खणला आणि पिंप आणि ते तिसरं पोतं त्यात रिकामं केलं. साठ्यातली अर्धी रानमिरी मातीत चालली होती. शानूतने स्वतः फावडं मारून माती लोटली, वर दगड रचले, कुत्री उकरू नयेत म्हणून.

मग पिनामेनने मिरेयला फोन लावला आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

"अगं बाई, शनिवारी उद्‌घाटन आहे माझं!" मिरेय ओरडली. "पत्रिकेत तुझ्या मसाल्याचं नाव छापलंय. थोडी पानं चुकीची असतील ना? निवडून टाक."

"दळलेल्यातून काय निवडू? अकरा दिवस लागतील."

"आणि मी शनिवारी काय वाढू?"

"दुसरं काहीतरी वाढ. चांगलं रांधतेस तू. पण माझ्या नावाच्या डब्यातलं मी स्वतः डोळे मिटून खाईन, तेव्हाच तो तुझ्याकडे येईल."

पलीकडे एक भांडं आपटलं. "अकरा म्हणजे अकरा," मिरेय म्हणाली. "बारावा दिवस नाही चालणार."

"बारावा लागणार नाही," पिनामेन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी दलदलीवर गेल्या. शानूत पालथ्या बादलीवर बसली, उघड्या हातांनी. पिनामेन एका झुडपाची थोडी पानं घ्यायची, दुसऱ्याकडे वळायची, आणि ओंजळ शानूतच्या मांडीवर टाकायची. शानूत एकेका पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवायची. बोटं सुजलेली होती. पण पान हातात आलं की ती अडखळत नव्हती.

"ही घे तुझी पाहुणी," ती मध्येच म्हणाली आणि एक गुळगुळीत पान पिनामेनच्या अंगावर भिरकावलं. "तुझे डोळे तर ठणठणीत आहेत ना?"

पिनामेनने पान उचलून बघितलं. खरंच चुकलं होतं. ती मोकळेपणाने हसली. "उद्यापासून प्रत्येक पोतं तुझ्या हाताखालून जाईल, निमिश. माझंसुद्धा."

"उपकार करतेस होय?"

"नाही. मला गरज आहे."

शानूतने मान डोलावली आणि पुढची ओंजळ मागितली.

दहाव्या दिवशी डबे ट्रकवर चढले. पुढच्या आठवड्यात मिरेयचा फोन आला: बदक संपलं, लोक ताट पुसून खातात, वसंतात चारशे डबे हवेत. पिनामेनने दोनशेच कबूल केले. त्याहून जास्त ओरबाडलं तर झुडपं पुढच्या साली तोंड फिरवतील, असं तिने स्पष्ट सांगितलं. मिरेयने दोनशेवर समाधान मानलं.

हिवाळा लागण्यापूर्वी पिनामेनने थोरलीला शहरात नेऊन तिचा मोतीबिंदू काढवून घेतला. पट्टी सुटली तेव्हा शानूतने आधी खिडकीबाहेर बघितलं, मग बहिणीकडे, बराच वेळ.

"काय गं ही दशा!" ती म्हणाली. "एवढी म्हातारी कधी झालीस तू? आणि मला कुणी सांगितलं कसं नाही?"