राखणदाराला काय दिसलं

काकूंना ग्रुपमधून हाकलून दिलं. तेही त्यांच्याच नवऱ्याच्या ग्रुपमधून. आता बोला!

नवरा कधीकाळी टीव्हीवरचा 'राखणदार' होता. एका जुन्या गोदामाची ती मालिका. तेव्हा तिच्याकडे कुत्रंही फिरकलं नाही आणि चॅनलने ती अर्ध्यावरच गुंडाळली. नवरा गेला, आणि मग कुणा रिकामटेकड्याने तिचे भाग नेटवर चढवले. पोरं खुळावली! राखणदाराचे टीशर्ट निघाले, त्याच्या वंशावळी रचल्या गेल्या, फोनवर त्याच्या चाहत्यांचा ग्रुपही निघाला. शेवटच्या भागात तो दार उघडतो, बोलायला जातो, थबकतो, समोर बघतच राहतो आणि त्याचे डोळे भरून येतात. त्या एवढ्याशा गप्प राहण्यावर लोकांनी तासन्‌तास काथ्याकूट केला. काय दिसलं असेल त्याला?

काकू एका लाँड्रीत कपड्यांना चिठ्ठ्या टाचायच्या. दुपारी मागच्या खोलीत, वाफेच्या इस्त्रीशेजारच्या स्टुलावर बसून डबा उघडला की फोन काढायच्या. घरात नवऱ्याचं नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं. लेक लांब, आणि तिचा फोन म्हणजे 'गोळी घेतलीस ना?' एवढ्यापुरता. ग्रुपवर मात्र शेकडो माणसं दिवसभर त्याच्यावरून भांडायची. काकूंना तेवढी सोबत पुरायची. त्या नुसत्या वाचत बसायच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पण एकदा राहवलं नाही आणि त्यांनी लिहून टाकलं, "अहो, त्याला काही दिसलं-बिसलं नव्हतं. तो वाक्य विसरला होता. त्याचं पाठांतर म्हणजे आनंदीआनंद! बायको कॅमेऱ्यामागे उभी राहून ओठ हलवायची, तेव्हा कुठे तो बोलायचा. त्या दिवशी नेमकी तिला उचकी लागली. तो बघतोय तिच्याकडे, आता सांगेल, मग सांगेल. डोळ्यांत पाणी आलं ते हसू दाबून."

असा गहजब झाला म्हणता! ग्रुप चालवणारा 'जुना खिळा' नावाचा कुणी होता, त्याने पुरावा मागितला.

"मीच ती बायको," काकूंनी लिहिलं.

"तुमच्याआधी तिघीजणी येऊन गेल्या, मॅडम."

काकूंनी लग्नाचा फोटो टाकला. "हल्ली असे फोटो कॉम्प्युटर चुटकीसरशी करतो," असं म्हणत जुन्या खिळ्याने त्यांना काढूनच टाकलं.

लेक फोनवर हसली. "आई, सोड ना! कशाला नादी लागतेस त्या टवाळांच्या?"

"बरं," काकू म्हणाल्या. सोडायचं म्हटलं तरी सुटतंय कुठे? डबा उघडला की हात आपसूक फोनकडे जायचा आणि डबा तसाच राहायचा. आज त्याच्याबद्दल काय बोलत असतील? एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाला चिठ्ठी टाचता टाचता त्यांना रडूच फुटलं. नवरा गेला तेव्हा माणसं भेटायला तरी आली होती. आता कुणाला सांगणार, आणि काय सांगणार?

शेवटी त्यांनी वेगळ्या नावाने पुन्हा अर्ज केला. आत घ्यायच्या आधी तिथे एक प्रश्न यायचा आणि उत्तर चुकलं तर प्रवेश नाही. प्रश्न आला, 'राखणदाराला समोर कोण दिसतं?' ते उत्तर मंडळींनी मतं घेऊन कधीच ठरवून टाकलं होतं, आणि काकूंना ते चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी चष्मा पुसला. मेलं, आपल्याच हाताने हे लिहायचं!

"त्याची मेलेली बायको," असं लिहून त्यांनी बटण दाबलं.

"या, या! आपल्या माणसांत स्वागत!" जुना खिळा म्हणाला. आत चर्चा अगदी रंगात आली होती, की ती बायको दिसायला कशी असेल. कुणीतरी तिचं चित्रच काढलं होतं: उंच, शेलाटी, कमरेपर्यंत केस. काकू ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, आणि केस जन्मात कधी खांद्याखाली गेले नव्हते.

"नवीन पाहुण्यांना काय वाटतं?" जुन्या खिळ्याने विचारलं.

काकूंनी ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"हुबेहूब," त्यांनी लिहिलं.