शेजारचा माग

नाशिकरोडच्या तुरुंगात हातमागावर धम्मपालचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून विंचूरचा गेणू नवा आला, तेव्हा साहेबांनी त्याला धम्मपालच्या शेजारच्या मागावर बसवलं.

मेहुण्यावर कोयता चालवून गेणू आत आला होता. मेहुणा वाचला. पण आपल्याला संपवायला त्यानं तुरुंगात माणूस पाठवलाय, हे गेणूच्या डोक्यातून जात नव्हतं. डाळीला औषधाचा वास येतो म्हणायचा. झोपायचा तो भिंतीला पाठ लावून.

“याला मी माणसात आणतो,” धम्मपाल म्हणाला. मालेगावात त्यानं कितीतरी जणांना माग शिकवला होता. गेणूच्या ताटातला पहिला घास तो स्वतः खायचा, त्याला चादरीची किनार विणायला शिकवायचा आणि रोज सांगायचा, “तुला कोण मारतंय? मी हाय ना.”

गेणू खुलला. मग एका दुपारी त्याचा माग थांबला.

“दादा, तुला एवढी खात्री कशी?”

“कशाची?”

“मला कुणी मारणार नाय याची. जो मारायला आलाय, त्यालाच तेवढं पक्कं माहीत असतं.”

धम्मपाल हसला. तेच चुकलं. गेणूनं आडवं सूत फिरवायचा लाकडी धोटा उचलला आणि त्याच्या कपाळावर हाणला.

टाके पडले. पाय घसरला म्हण, नाहीतर गेणूवर नवी केस होईल, असं बराकीतल्यांनी सुचवलं. पण साहेबांपुढे धम्मपाल खोटं बोलला नाही.

“मारलं त्यानं. पण साहेब, हा आजार हाय. एकटा कोंडला तर वाढंल. डॉक्टरला दाखवा, आणि बरा झाला की माझ्याच शेजारी बसवा.”

“भीती नाही वाटत?”

“वाटती थोडी. पण माझ्याशिवाय तो कुणाशी बोलतच नाय.”

उपचार सुरू झाले. औषधानं गेणू सुस्तावला, पण झोपू लागला. काही महिन्यांनी तो मागावर परतला, तेव्हा मान वर करेना.

“अजून वाटतं कधीकधी, तू मेहुण्याचाच माणूस हायस.”

या वेळी धम्मपालनं समजूत घातली नाही. “आत्ता वाटतंय?”

“व्हय.”

“मग आज त्या टोकाच्या मागावर बस. आणि डॉक्टरला सांग हे.”

गेणूनं दोन्ही केलं. पुढच्या आठवड्यात तो आपणहून शेजारी येऊन बसला.

“आज नाय वाटत,” म्हणाला.

उद्याचा विषय कुणीच काढला नाही. संक्रांतीआधी चादरी पुऱ्या करायच्या होत्या, आणि दोघांचे माग चालू झाले होते.