तसेच आहेत

नातीने उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिप धरली तेव्हा आजीने एकच विचारलं, "पगार किती?"

"पगार नसतो गं. सेवाभावी संस्था आहे. अनुभव मिळतो, नेतृत्वगुण वाढतात."

"म्हणजे हमाली फुकटची आणि वर पुढारीपण. जा बाई. घरात तोंडातून शब्द फुटत नाही, तिथे तरी फुटतोय का बघ."

पोरगी होतीच तशी अबोल. आजी तिला मुक्याबाई म्हणायची. दुकानदाराने नासकं दूध गळ्यात मारलं तरी ही मुकाट घेऊन यायची. मग आजी पायात चपला सरकवून जायची आणि दुसरं दूध हातात पडेपर्यंत दुकानदाराच्या छातीवर बसायची. आळीत तिला फौजदार म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

पण कुठली संस्था ते कळलं तेव्हा फौजदाराने उठून आजोबांच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

ती संस्था आजारी माणसांना खाटा, चाकाच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या वापरायला द्यायची. एका घरची गरज संपली की तीच वस्तू पुढच्या घरी. आजोबांना आडवं झालं की धाप लागायची, म्हणून उशाकडून वर होणारी लोखंडी खाट तिथूनच आणलेली. आजोबा हिवाळ्यात गेले. खाट राहिली. मुलगा एकदा म्हणाला, "आई, ती परत करायला हवी." आजी म्हणाली, "मी कळवलंय. नेतील सवडीने." आई खोटं बोलेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं.

कळवलंबिळवलं काही नव्हतं. संस्थेतून दर महिन्याला फोन यायचा, पेशंट कसे आहेत म्हणून. ते गेल्यावर पहिल्यांदा तो फोन आला तेव्हा भेटायला येणारे नुकतेच ओसरले होते. आजीने 'गेले' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "तसेच आहेत." पलीकडचा म्हणाला, "काळजी घ्या त्यांची." एवढंच. पण त्या दिवशी आजीला जेवण गेलं. सगळ्या जगात त्यांची चौकशी करणारा तेवढा एकच माणूस उरला होता. पुढच्या महिन्यात तिने आपणहून सांगितलं, काल दोन घास जास्त खाल्ले. आणि ती त्याच खाटेवर, उशाची बाजू होती तशी वर ठेवून, बसल्या बसल्या झोपायची. सकाळी मान धरलेली असायची. कुणाला सांगायची नाही.

इकडे नातीला कंठ फुटला. संध्याकाळी येऊन सांगायची, आज हे शिकले, आज ते केलं. "संस्थेच्या ताई म्हणतात, फोन केला की आधी माणसाची चौकशी करायची, खाटेचं नाव नंतर."

"त्यात शिकायचं काय? माणसाला माणूस म्हणायचं तर," आजी म्हणायची. पण कान देऊन ऐकायची.

मग एका दुपारी फोन वाजला.

"नमस्कार, संस्थेतून बोलतेय. पेशंट कसे आहेत?"

आवाज स्वच्छ, ठाम. एक शब्द गिळलेला नाही. आजीने ओळखला नाही.

"तसेच आहेत," ती म्हणाली. "आज जरा बरं वाटतंय. खिडकी उघड म्हणाले."

पलीकडून नाकाने श्वास ओढल्याचा आवाज आला. तो मात्र आजीने ओळखला. रडू दाबताना ही पोर लहानपणापासून असाच श्वास ओढायची.

"बरं," आवाज म्हणाला. "काळजी घ्या त्यांची."

त्या संध्याकाळी नात मान खाली घालून जेवली. "झालं, पुन्हा मुकी झाली," सून हसली. आजी हसली नाही.

चार-आठ दिवस असेच गेले. मग एकदा आजी कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा नात शेजारी येऊन बसली आणि एक चादर हातात घेतली.

"आजी, त्या दिवशी ताई शेजारीच बसल्या होत्या. मी नंबर बघितला, आजोबांचं नाव बघितलं. फोन टाळता आला नाही."

"मग सांगायचंस. आमची म्हातारी थापा मारते म्हणून."

"नाही सांगितलं." तिने चादरीची टोकं जुळवली. "आता खाटा परत आणायचं काम माझ्याकडे दिलंय. हाताखाली दोघं आहेत. एक शिंपीण कधीची वाट बघतेय. कमरेखाली जीव नाही. जमिनीवर असते. कुशीवर वळवताना तिचा नवरा आधी तिची माफी मागतो. मी बघून आले."

"जगात खाट तेवढी एकच आहे का?"

"सध्या एकच."

"मग ने की. तू साहेब आहेस आता."

"तू म्हणशील तर नेईन. नाही म्हणालीस तर मी ताईंना सांगेन, तसेच आहेत."

ती हे धमकी म्हणून बोलली असती तर आजीने तिला तिथल्या तिथे सरळ केलं असतं. पण ती खरंच तसं करणार होती. आजीने जन्मात कुणाचं मिंधेपण घेतलं नव्हतं. आता ही पोर, जिला आत्ता कुठे तोंड फुटलंय, ती पहिलं मोठं खोटं आपल्यापायी बोलणार. आजीने तिच्या हातातली चादर ओढून घेतली. "घडी धड घालता येत नाही," म्हणाली, आणि सबंध चादरीची घडी पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना तिने स्वतः फोन लावला. ताईंनी उचलला.

"खाट न्यायला या."

"पेशंटना बरं वाटलं का आजी?"

आजीने भिंतीला हात लावला.

"गेले," ती म्हणाली. "हिवाळ्यातच गेले. मीच सांगितलं नाही. पोरीला बोल लावू नका."

खाट न्यायला नातच आली, दोन हमालांना घेऊन. घरची किल्ली असून तिने बेल वाजवली. आत येऊन कुठला बोल्ट आधी काढायचा ते हमालांना हळू आवाजात सांगितलं. ते तिचं निमूट ऐकत होते. तुकडे बाहेर गेले तेव्हा जमिनीवर चार पायांचे गंजके ठसे राहिले. आजी नातीच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

"थांबत नाहीस?"

"तिथे जोडून द्यायला हवी गं. ती वाट बघत असेल."

"हो, जा. तुझं काम आहे."

नात पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. गाडी वळली, आवाजही गेला. सून आतून म्हणाली, "आई, आत या, ऊन लागेल."

"येते," आजी म्हणाली, पण दारातच उभी राहिली. आत गेलं की ते नसणार होते.