चहाडखोर दार

विमा कचेरीतल्या त्या कारकुनाला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. "सकाळी तुमची खुर्ची बराच वेळ रिकामी होती. कुठे होतात?"

खुर्च्यांखाली सेन्सर बसवल्यापासून हे असंच चाललं होतं. पोट बिघडलंय, हे सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आला तो धुमसतच. बूट भिरकावत आईला म्हणाला, "आम्ही काय कैदी आहोत? माणसावर भरवसाच नाही!"

बायको पाणी घेऊन आली. घराच्या दारावर त्याने सेन्सरची डबी लावली होती; तिची नोंद त्याने सवयीने मोबाइलवर पाहिली. "दुपारी दार बराच वेळ उघडं होतं. कुठे गेली होतीस?"

तिने पेला असा आपटला की पाणी टेबलभर झालं. "कुठेही नाही! शिलाई करून पाठ धरली, म्हणून दारात उभी राहिले. आता पाठ दुखली तरी तुला कळवायचं?"

"अगं, तुमच्या सुरक्षेसाठीच तर..."

"तुझा साहेबही असंच काही म्हणत असेल!" आई कडाडली. "तिथे खुर्चीने तुझी चहाडी केली तर अंगाची लाही होते, आणि इथे दाराला चहाडी शिकवताना लाज नाही वाटली? शेजारी जायचं तरी ही आधी त्या डबीकडे बघते. माझ्या सुनेला तिच्याच घरात चोर केलंस तू!"

"आणि खरा चोर आला तर?"

"तर बोंब मारणारं यंत्र लाव! गॅस गळला की ओरडणारं आहे ना स्वयंपाकघरात? ते आम्हा सगळ्यांना सावध करतं. हे फक्त तुझ्या कानाला लागतं. लावताना तिला विचारलंस?"

नव्हतं विचारलं! एकदाही नाही! त्याने बायकोकडे पाहिलं. ती रडत नव्हती, संतापाने धुमसत होती. केबिनमधून बाहेर पडताना तोही असाच धुमसत होता.

"चुकलं माझं," म्हणत तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दाराकडे निघाला.

"दे इकडे," ती म्हणाली. "मीच काढते."

दुसऱ्या दिवशी तो सहकाऱ्यांना घेऊन केबिनमध्ये शिरला. "सेन्सर निघेपर्यंत आम्ही उभ्याने काम करणार!" साऱ्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. साहेब आधी ओरडले, मग नरमले, आणि शेवटी सेन्सर निघाले.

वाचकहो, आपल्या घरातही अशा डब्या आल्या आहेत, आणखी येतील. खुशाल येऊ द्या. पण जिच्यावर नजर ठेवायची तिला न विचारता लावलेली डबी म्हणजे पहाराच, मग त्याला काळजी म्हणा नाहीतर शिस्त!