नखाएवढी काच

पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, मिशीत पांढरं आलं, तरी बेकरीत त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. थोरला भट्टीवर, वहिनी काउंटरवर आणि हा मागच्या खोलीत पीठ मळायला, ही वाटणी कधी झाली ते कुणाला आठवत नव्हतं. झाली होती खरी, आणि धाकट्याला ती सोयीची होती. डोकं थोरल्याने चालवायचं, हात याने. काही बिघडलं की थोरला म्हणायचा, "राहू दे, मी बघतो," आणि हा सुटायचा.

त्या दिवशी धाकटा दमला होता. दमला म्हणजे किती, तर उभ्या उभ्या डोळे मिटत होते. जोडीचा कारागीर तापाने पडलेला, त्यामुळे आठवडाभर दोघांचं काम एकट्याच्या अंगावर. त्यात संध्याकाळी हॉस्पिटलचा पाव जायचा होता, तोही पहिल्यांदाच. एवढं मोठं गिऱ्हाईक बेकरीला कधी लाभलं नव्हतं. थोरल्याने हॉस्पिटलच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले होते की तिथला शिपाई त्याला लांबून बघूनच हसायचा. आजचा पाव वेळेवर गेला आणि पसंत पडला तर काम कायमचं. नाहीतर पलीकडच्या रस्त्यावरची बेकरी टपून बसलेलीच होती.

मळायच्या यंत्रावर एक जुना बल्ब लोंबत असे. त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण होतं, पण वर्षानुवर्षांच्या पिठाने आणि तेलकटाने ते असं माखलं होतं की उजेड यायचा तो उपकार केल्यासारखा. सकाळी धाकट्याने ते काढलं. दिसेनाच, तर माणूस करणार काय? धुऊन लावू म्हणाला आणि राहिलं. बहुतेक घोटाळे असेच होतात बघा, कुणी ठरवून करत नाही, राहून जातं.

दुपारी तो यंत्रात पाणी ओतत होता. हात थकलेले, बादली कडेला आपटली, पाणी उसळलं ते थेट तापलेल्या बल्बवर. फट्! बटण बंद करेपर्यंत यंत्राने दोन-तीन फेरे घेतलेच.

बल्बची काच पिठात पडली होती. बल्बचा पार चुरा झाला असता तर प्रश्नच नव्हता, पीठ फेकायचं, संपलं. पण तो मोठाल्या खपल्यांनी फुटला होता, आणि तिथेच मोह झाला. पुढे थोरल्याचा आवाज येत होता, कुणालाच काही कळलं नव्हतं. त्याने एप्रन झटकला, दार लोटून घेतलं आणि मूठ मूठ पीठ चाचपत तुकडे वेचायला बसला. वेचले, पण सगळे आले का? ते कसं कळणार? मग त्याला एक सुचलं. पिठाचा एक घट्ट गोळा त्याने बल्बएवढा वळला आणि त्याच्यावर एकेक तुकडा बसवत गेला. हा इथला, हा त्याच्या शेजारचा. फुटकी बरणी जोडावी तसा बल्ब परत उभा राहिला.

एक जागा रिकामी राहिली. नखाएवढी.

गुडघ्यांना शिव्या घालत त्याने सगळी फरशी चाचपली. यंत्राखाली हात घातला, कोपरे झाडले. पीठ पुन्हा एकदा बोटांखालून घातलं. तुकडा काही मिळेना. शेवटी तो गोळा हातात घेऊन तो भट्टीपाशी गेला.

"दादा, बल्ब फुटला. पिठात."

थोरल्याने गोळा बघितला, त्यातली ती जागा बघितली.

"झाकण होतं ना?"

"सकाळी मी काढलं होतं."

"का?"

"दिसत नव्हतं."

"मला सांगितलं असतंस तर नवं आणलं नसतं का? आजच सुचलं तुला! आज!" थोरला एरवी आवाज चढवणारा नव्हे. मग त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि तो खाली बसला. नवं पीठ मळून, फुगवून, भाजून काढायला आता वेळच उरला नव्हता. "फरशीवर उडाला असेल."

"शोधला. नाही."

"यंत्रामागे असेल. एवढ्या पिठात एवढासा तुकडा, तो कशाला कुणाच्या घशात जातोय? तू साचे भर. भाजायचं. जबाबदारी माझी."

हे ऐकायला धाकटा आसुसलेलाच असायचा. जबाबदारी माझी. आजवर थोरला असं म्हणाला की याच्या डोक्यावरचं ओझं उतरायचं, रात्री झोप लागायची. आताही त्याला वाटलं, वळावं, साचे भरावेत, घरी जाऊन आडवं व्हावं. फार फार वाटलं. तो वळलाही. पण पाय उचलेनात. जबाबदारी दादा घेईल, चूक पोटात घालेल, वेळ आली तर शिव्याही खाईल. पण ती काच काही दादा गिळणार नव्हता. ती गिळणारा कुठल्या तरी खाटेवर पडला होता, आणि त्याला कुणीच विचारलं नव्हतं.

"मी नाही भरणार, दादा."

"मग मी भरतो," थोरला म्हणाला आणि उठला.

वहिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती मध्ये पडली नाही. तिचा रोजचा एक नेम होता. दुपारच्या घाण्यातला एक गरम पाव सासूबाईंसाठी बाजूला काढून ठेवायची. म्हातारीला दात नाहीत, चहात बुडवून खाते, आणि ताजाच लागतो. वहिनी फडताळापाशी गेली, सकाळचा उरलेला एक पाव काढला आणि कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.

थोरल्याने ते पाहिलं. "आत्ताच कशाला काढलास? ताजा होईल ना तासाभरात."

"आज त्यांना हाच देते," वहिनी म्हणाली, आणि काउंटरवर निघून गेली.

थोरल्याने पुन्हा त्या पिशवीकडे पाहिलं. मग मागच्या खोलीत गेला, यंत्राचं भांडं कडेला धरलं आणि म्हणाला, "ये, हात लाव." दोघांनी मिळून ते पीठ मागच्या कचऱ्याच्या पिंपात लोटलं.

फोन थोरल्यानेच केला. भट्टी बिघडली म्हणाला असता तर चाललं असतं, पण या माणसाला कधी धड थाप मारता आली नाही. "पिठात काच पडली, म्हणून आज पाव येणार नाही," असं सांगून मोकळा झाला. पलीकडचा म्हणाला, "काच? तुमच्याकडे पिठात काच पडते?" आणि त्याने फोन ठेवला. ते काम गेलं ते गेलंच.

संध्याकाळी पिंपातलं पीठ फुगून वर आलं होतं. पिठाने पिंपाचं झाकण उचलून धरलं होतं. धाकटा त्याच्याकडे न बघता घरी गेला.

घरी आई शिळ्या पावावरून कुरकुरत होती. धाकटा मोरीत हातपाय धुवायला गेला. दुमडलेली बाही सोडली आणि दुमडीतून काहीतरी फरशीवर पडून टिचकन वाजलं. त्याने वाकून उचललं. काच होती.

पिठात काही नव्हतं तर. सगळं पीठ चांगलं होतं. बाही एकदा झटकली असती तर हॉस्पिटलचं काम हातात होतं, दादाचे हेलपाटे कामी आले असते. हसावं की रडावं ते त्याला कळेना. काच खिडकीतून फेकून द्यावी असंही मनात आलं, कोण विचारणार होतं? पण तेवढीही ताकद अंगात राहिली नव्हती. त्याने ती कागदात गुंडाळून खिशात ठेवली.

सकाळी बेकरीत तो गोळा वाळून टणक झाला होता. धाकट्याने तुकडा त्या रिकाम्या जागेवर ठेवला. चपखल बसला. थोरला आला तसा त्याने गोळा त्याच्यापुढे धरला.

"बाहीत होता. काल घरी सापडला."

आता दादा बोलेल, याची हा वाट बघत होता. बोलला असता तर बरंच झालं असतं, काल दुपारपासून तुंबलेलं सगळं निघून गेलं असतं. थोरल्याने त्या जागेवरून अंगठा फिरवला.

"काल पीठ टाकताना सापडला नव्हता ना?"

"नव्हता."

"मग झालं."

थोरल्याने गोळा फडताळात ठेवला. आपल्या पिशवीतून नवा बल्ब आणि पारदर्शक, कोरं झाकण काढलं. येताना घेऊनच आला होता. धाकट्याने हात पुढे केला नाही. थोरला हे सगळं आपल्या हाताने बसवणार, हे ठरलेलंच असायचं. पण थोरल्याने दोन्ही वस्तू त्याच्या हातात दिल्या आणि स्टूल यंत्रापाशी ओढलं.

"चढ. तू लाव."

धाकटा चढला. गुडघा कळवळला, स्टूल डगमगलं.

"धरलंय ना, दादा?"

"धरलंय," थोरला खालून म्हणाला. "स्क्रू नीट आवळ."

धाकट्याने आवळला. मग आणखी एकदा आवळला.